यादीतली पहिली ओळ

भाविकाला एका जागी बसता येत नाही, हे घरात तिच्या जन्मापासून सगळ्यांना माहीत होतं. पण त्या आठवड्यात तिने हद्द केली. सकाळपासून ती ओट्यावरून माजघरात, माजघरातून गच्चीवर आणि गच्चीवरून पुन्हा ओट्यावर अशा खेपा घालत होती. हातात फोन, फोनमध्ये फिल्म, आणि चेहरा असा की जणू फोनमध्ये विंचू आहे.

"अवं, बठ ना एक जागावर," आई म्हणाली. "तुन्हा फेरामा मन्हं डोकं फिरी ऱ्हायनं."

"बठस ना," भाविका म्हणाली, आणि जिना चढायला लागली.

फिल्म तयार होती. दोन मिनिटं चाळीस सेकंदांची. नियम तीन मिनिटांचा होता, म्हणजे उरले वीस सेकंद. या वीस सेकंदांत नावं द्यायची होती, आणि आतापर्यंत त्रेसष्ट जणांनी आपलं नाव सांगून ठेवलं होतं.

यात गावाची चूक नव्हती. तापीकाठच्या त्या गावात नावं एकाच ठिकाणी छापून येतात, लग्नाच्या पत्रिकेत. तिथले कायदे सगळ्यांना पाठ. निमंत्रक कोण, विनीत कोण, थोरला वर, धाकटा खाली, आणि अगदी तळाला पोरासोरांची रांग. ज्याचं नाव राहिलं तो जेवायला येत नाही, आणि ज्याचं खाली गेलं तो येतो पण तोंड फिरवून जेवतो. फिल्म म्हणजे चालतीबोलती पत्रिकाच, असं गावाने परस्पर ठरवलं होतं. धुडकू तात्यांनी शूटिंगच्या दिवशी वीजजोडणीचा बोर्ड उसना दिला होता, म्हणून त्यांना 'विद्युत सहकार्य' या मथळ्याखाली एकटंच नाव हवं होतं. एका बाईची शेळी फिल्ममध्ये मध्येच आडवी गेली होती. तिचं म्हणणं, शेळीचं नाव नको, पण मालकाचं तरी येऊ द्या.

हे सगळं सुरू झालं ते रोशनीताईंमुळे. शहाद्याच्या एका संस्थेने काठच्या गावांतल्या पोरापोरींना फोनवर फिल्म करायला शिकवायचा वर्ग काढला होता. रोशनीताई मंगळवारी नि शुक्रवारी एसटीने येत, आणि शाळेच्या बंद खोलीत अकरा जणांना शिकवत. आधी फोन धरायचा कसा, मग माणूस धरायचा कसा. ज्याचं शूटिंग करायचं त्याची लेखी संमती घ्यायची, हा त्यांचा पहिला नियम. त्यांनी संमतीचे कोरे कागद वाटले. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाने ते भरून आणले, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो दोन. तिघांनी विचारलं, यादी कधी लागणार?

शेवटचा नियम असा होता की फिल्म स्वतःच्या गावात, सगळ्यांसमोर दाखवायची. ज्याने दाखवली तो पास. आणि पास होणाऱ्यांतून भाविकाला रोशनीताईंनी आधीच निवडून ठेवलं होतं. तोरणमाळला नवा वर्ग सुरू होणार होता, तिथल्या पोरांना तीन महिने शिकवायला जायचं. भाविका वीस वर्षांची झाली होती आणि तोरणमाळचा डोंगर तिने रोज गच्चीवरून पाहिला होता. ज्या माणसाचे पाय थांबत नाहीत त्याला डोंगर नुसता बघायला लावणं, ही शिक्षाच.

आता फिल्म ज्यांच्यावर होती, त्या मोठी माय. जसोदाबाई. भाविकाच्या वडिलांचे थोरले भाऊ चुनीलाल, त्यांची बायको. केळीचा घड कधी कापायचा हे त्या हात लावून सांगत. फळाचे कंगोरे बोटाने चाचपायच्या, टिचकी मारायच्या, आणि म्हणायच्या, आठ दिवस, किंवा उद्याच. व्यापारी स्वतःचं डोकं खाजवून शेवटी त्यांनाच विचारत. फिल्ममध्ये त्या सांगत होत्या, "कंगोरा भरी गया का समजानं, हाऊ घड आते बोलाले लागना. त्यानं आपन ऐकानं. बस."

फिल्म झकास होती. अडचण एवढीच की दोन भावांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि सहा वर्षांपासून त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना बोलचाल बंद होती.

कारण, अर्थात, पत्रिका.

भाविकाची थोरली बहीण कामिनी, तिचं लग्न. निमंत्रकांत पहिलं नाव चुनीलाल यांचं हवं, ते घरातले वडील. पत्रिका छापून आली, आणि यादी सुरू झाली ती हेमकांत या नावापासून. म्हणजे धाकट्यापासून, भाविकाच्या पप्पांपासून. थोरल्याचं नाव वर नाही, खाली नाही, पोरासोरांतही नाही. घाई एवढी होती की मुहूर्त आणि नवऱ्या मुलाचं नाव सोडून कुणी काही वाचलंच नव्हतं. अर्ध्या पत्रिका वाटून झाल्यावर चुनीलाल आप्पांनी चष्मा लावला.

हेमकांतनी शपथा घेतल्या. छापखान्याची चूक, म्हणाले. आप्पा म्हणाले, "छापखानावालाले मन्हं नाव काढीसन काय भेटस?" छापखानेवाला म्हणाला, मला आली तशी यादी मी छापली, आणि ज्या फोनवर आली तो फोन विहिरीत पडला. लग्नाच्या दिवशी आप्पा सकाळीच मोटरसायकलवर बसून केळीत पाणी द्यायला निघून गेले. पाठवणीच्या वेळी थोरला काका नाही. ते हेमकांतनी मनात धरलं. झालं.

म्हणून आता फिल्मला दोन अटी होत्या. आप्पांनी निरोप धाडला, "मन्ही बायको, मन्ही केळी. नाव मन्हं पहिलं." आणि पप्पा जेवताना म्हणाले, "त्यानं नाव पडदावर उनं तं तोरणमाळ ईसरी जाय."

"पण पप्पा, नाव नाही दिलं तर आप्पा दाखवू देणार नाहीत. दाखवलं नाही तर मी पास नाही."

"मंग नापास हो," पप्पा म्हणाले, आणि वरण मागितलं.

एवढंच असतं तरी भाविकाने काहीतरी जुगाड केला असता. पण फोनमध्ये विंचू होता तो वेगळाच.

सतरा दिवसांपूर्वी वर्गात रोशनीताईंनी शिकवलं होतं की फोन हरवला तरी फोटो हरवत नाहीत. आपापलं जुनं खातं उघडा आणि सगळ्यांत जुना फोटो शोधून दाखवा. कुणाला वाढदिवसाचा केक सापडला, कुणाला मेलेला बैल. भाविकाने आईचं जुनं खातं उघडलं. कामिनीच्या लग्नाच्या आधीच्या महिन्यातले फोटो सापडले. साड्या, बांगड्या, मेंदी. मध्येच एक वहीचा कागद. पप्पांचं अक्षर. वर 'निमंत्रक', आणि खाली नावांची यादी.

तिला आठवलं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि घरात फोन धड चालवता येणारी ती एकटीच. पप्पांनी यादी लिहून दिली आणि म्हणाले, फोटो काढीसन छापखानाले धाड. तिने धाडला.

फोटोत मथळ्याच्या खाली, जिथे पहिली ओळ असायला हवी, तिथे एक गुलाबी, धूसर, टेकडीसारखं काहीतरी होतं. तिने फोटो मोठा केला. टेकडीला नख होतं. नखाला लाल नेलपॉलिश होतं.

तिचा अंगठा.

तेव्हापासून सतरा दिवस ती बसली नव्हती. सांगायचं तर पप्पांना, पण पप्पा तिला जन्मभर फोनला हात लावू देणार नाहीत. आप्पांना, तर ते म्हणतील बापाने शिकवून धाडली. न सांगायचं, तर दर वेळी शूटिंगसाठी फोन हातात घेतला की आधी अंगठा दिसायचा. रोशनीताईंचं एक वाक्य होतं, चौकटीत काय आहे ते सगळ्यांना दिसतं, चौकटीत काय नाही ते तुम्ही बघा. हे वाक्य त्यांनी वर्गात अकरा जणांना सांगितलं होतं. भाविकाला मात्र वाटायचं, आपल्यालाच टोचून बोलल्या.

शनिवारी दुपारी ती परसात गेली. दोन घरांमधल्या भिंतीत चुलीच्या उंचीवर एक वीट निघालेली होती. भावांची बोलचाल बंद होती, विरजणाची नव्हती. मोठी मायने विरजणाची वाटी पुढे केली.

"मोठी माय, एक सांगू?"

"सांग. पन झटकन. तुन्हा आप्पा आंघोळले गयात."

भाविकाने वाटी हातात घेतली. मग म्हणाली, "आप्पा उद्या येतीन का?"

"त्या म्हनतस, नाव पहिलं व्हई तं ईसू. नहीतं मोटरसायकलवर बशीसन दूरथीन देखसू, आनि निंघी जासू." विटेच्या भोकातून एक डोळा दिसत होता. तो हसला. "मी कशी दिसस वं पिच्चरमा?"

"भारी दिसस तू."

"देखसू उद्या. सामनेथीन देखसू." डोळा जरा बाजूला झाला. "कामिनीनं लगीन मी ह्याच भिंतवरथीन देखं. पाटावर उभी ऱ्हायनू. मांडव तेवढा दिसना, पन पोर नही दिसनी."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं जसं कुणी सांगावं, आज भाजीत मीठ कमी झालं. मग पलीकडून दार वाजलं आणि डोळा नाहीसा झाला.

भाविका विरजणाची वाटी धरून तिथेच उभी राहिली. आईने आतून हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, मग बाहेर येऊन पाहिलं. पोरगी एका जागी उभी आहे असं बघून ती घाबरली आणि तिच्या कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी भाविकाने फिल्ममधली त्रेसष्ट नावं काढून टाकली. सगळी. शेळीच्या मालकिणीसकट.

रविवारी दिवेलागणीला मारुतीच्या देवळासमोर पडदा लागला. पडदा म्हणजे कामिनीच्या लग्नात आहेरात आलेली पांढरी चादर, जी सहा वर्षं 'चांगल्या कामासाठी' ठेवली होती. धुडकू तात्यांनी आपला बोर्ड स्वतः लावला आणि त्याच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले, म्हणजे सहकार्य कुणाचं याबद्दल शंका नको. पप्पा पहिल्या रांगेत. बायका देवळाच्या ओट्यावर, त्यांत मोठी माय, नव्या साडीत. रोशनीताई शेवटची एसटी आठची म्हणून सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. आणि सगळ्यांच्या मागे, वळणावर, चुनीलाल आप्पा मोटरसायकलवर बसले होते. गाडी चालू. दिवा रस्त्याकडे. एक पाय जमिनीवर.

फिल्म सुरू झाली. चादरीवर मोठी माय आठ फूट उंच उभ्या राहिल्या आणि केळीच्या घडाला टिचकी मारली. ओट्यावरच्या मोठी मायने पदर तोंडावर ओढला आणि त्यातून एक डोळा बाहेर ठेवला. त्यांना एका डोळ्याने बघायची सवय होतीच. शेळी आली तेव्हा शिट्ट्या पडल्या. फिल्म संपली तेव्हा टाळ्याही पडल्या, पण अर्धवट, कारण लोकांचे हात रिकामे नव्हते. फोन काढून सगळे तयार होते. आता नावं.

चादरीवर वहीचा एक कागद आला.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग लोक वाचायला लागले. यादी लग्नाची असली तरी गाव तेच होतं, त्यामुळे बऱ्याच जणांना आपलं नाव सापडलं आणि ते खूश झाले.

"हाऊ मी! सातवा!"

"मन्हा बाप शे नववा. कैलासवासी लिखाले पाहिजे व्हतं."

"तवय जिवत व्हता ना तो."

"आनि हाई वरे काय शे? गुलाबी?"

"डोंगर शे," धुडकू तात्या म्हणाले. "तोरणमाळ व्हई. पोर तठे जाई ऱ्हायनी ना."

भाविकाने माइक हातात घेतला. आवाज निघेपर्यंत माइकने दोनदा शिट्टी मारली.

"तो तोरणमाळ नही शे," ती म्हणाली. "तो मन्हा अंगठा शे."

मग तिने सांगितलं. लांबण लावली नाही. ही कामिनीच्या लग्नाची यादी. फोटो मी काढला, छापखान्याला मीच धाडला. पहिली ओळ अंगठ्याखाली गेली. कुणी नाव काढलं नव्हतं. कागदाच्या खाली तिने स्वतः टाकलेली एक ओळ होती, तिथे तिने बोट दाखवलं: 'छायाचित्र: भाविका हेमकांत.' अख्ख्या फिल्ममध्ये नव्याने लिहिलेलं तेवढं एकच नाव होतं.

ऐकू येत होती फक्त मोटरसायकल.

"मंग सरकाव ना वं तो अंगठा!" मागून कुणीतरी म्हणालं. "देखू दे काय शे खाले."

"फोटो आहे तो," रोशनीताई म्हणाल्या. "सरकत नाही."

"एवढं शिकाडं तुम्हीन, आनि अंगठा सरकत नही?"

तेव्हा मोटरसायकल बंद झाली.

आप्पा गर्दीतून पुढे आले. चादरीच्या अगदी जवळ गेले, चष्मा लावला, आणि चार फुटी अंगठ्याखाली उभे राहून वाचायला लागले. त्यांच्या पांढऱ्या टोपीवर भाविकाचं नेलपॉलिश आलं होतं. खूप वेळ त्यांनी तो कागद वाचला. मग चादरीवर एका जागी बोट ठेवलं.

"हेमकांतना नावमांगे दोन लिखेल शे," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "यादी दोनपासून कशी काय सुरू व्हई?"

आता बोलायचं कुणी हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या रांगेत पप्पांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले होते. त्यांनी मान वळवली नाही, समोर चादरीकडेच बघत म्हणाले, "एकपासूनच लिखेल व्हती."

सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"मंग तवय सांगं का नही?"

"सांगं. शपथ लिधी. तू ऐकं नही. आनि लगीनना दिवस तू केळीमा पळी गया."

"पानी देवानं व्हतं केळीले."

"कसानं पानी?" आता पप्पा उठले. "त्या दिवसले गावमा लाइट नव्हती. मांडवले मी जनरेटर आनं व्हतं. मोटर कसावर चालाडी तू?"

आप्पांनी चष्मा काढला. उपरण्याने पुसला. पुन्हा लावला. पुन्हा काढला.

"बठेल व्हतू," ते म्हणाले. "लगीनना वाजा ऐकू येत व्हता तठे."

ओट्यावरून मोठी मायने नाक ओढल्याचा आवाज आला. असल्या वेळी काय बोलावं हे गावात कुणाला माहीत नव्हतं, आणि म्हणून धुडकू तात्या बोलले.

"आनि मन्हा बोर्ड? त्यानं नाव कोठे शे?"

त्याने सगळे सुटले. एकदम दहा जण बोलायला लागले. आपली नावं काढली म्हणून त्रेसष्टांपैकी निदान पन्नास जण चिडलेले होते. त्यांत शेळीवाली सगळ्यांत पुढे. दोघे भाऊ मात्र चादरीसमोर उभे राहून जोरजोरात भांडत होते. पत्रिकेवरून, पाठवणीवरून, मग जनरेटर कुठून आणला होता यावरून, मग कुठल्यातरी वाटणीच्या बैलावरून, जो भाविकाच्या जन्माआधीच मेला होता. सहा वर्षांचं साठलेलं होतं. लवकर आवरण्यासारखं नव्हतं. भाविकाची आई आणि मोठी माय ओट्यावर शेजारी बसून ते ऐकत होत्या. मध्ये वीट नव्हती.

आठला दहा कमी होते. रोशनीताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि मध्ये शिरल्या. "काका, तेवढं तोरणमाळचं सांगा. मला यादी द्यायची आहे."

भाविकाचा एक पाय नकळत हलायला लागला.

पप्पांनी पोरीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं. हिशोबी माणूस. अट काय होती हे त्यांना आठवत होतं. "पडदावर नाव तं उनं नही त्यानं," ते कुरकुरत म्हणाले.

"अंगठाखाले शे, पन पहिलंच शे," आप्पा म्हणाले. मग थेट रोशनीताईंना, "त्या घाटमा हाई पोरले उलटी व्हस. लहानपनथीन. मांगला सीटवर बसाडू नका. निंबू द्या हातमा."

"मन्ही पोर शे," पप्पा म्हणाले. "मी सांगसू काय ते."

"नाव कोनं पहिलं शे?"

पप्पांनी हातानेच रोशनीताईंना 'लिहा' अशी खूण केली. रोशनीताईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि एसटीकडे धावल्या.

गर्दी पांगत होती. कुणीतरी चादरीची एक दोरी सोडलीही होती. "थांब रे," आप्पा म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, दोन्ही हातांनी धरला, तिरकी झालेली चादर, तिच्यावरचा कागद आणि त्यातला अंगठा नीट बघून घेतला, श्वास रोखला आणि फोटो काढला. मग फोन भाविकापुढे धरला. "उना का नीट?"

भाविकाने पाहिलं. कागदाचा खालचा भाग आला होता. वर, जिथे तिचा अंगठा असायला हवा, तिथे आप्पांचा होता. जाड, शेतातला, मातीच्या रेघांचा.

ती हसली नाही. तिने त्यांचा हात धरला, अंगठा फोनच्या कडेला खाली सरकवला आणि तिथेच दाबून ठेवला.

"परत काढा, आप्पा," ती म्हणाली. "मी धरस."